दमलेला चेहरा

"दादा, मी आज नाही येत. पप्पांना पटत नाही."

"अगं, काल पप्पाच बोलले माझ्याशी."

"हो, पण आज नाही पटत त्यांना."

फोन बंद झाला. मी शेडच्या मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होतो. समोर पडदा बांधलेला, दिवे स्टँडवर चढवलेले, खोक्यात घडी न मोडलेल्या साड्या. सगळं तयार होतं, फोटोत उभं राहणारं माणूस तेवढं नव्हतं. असं त्या महिन्यात किती वेळा झालं ते मी मोजायचं सोडून दिलं होतं.

शेड माझ्या मित्राची, महावीरची. इचलकरंजीत अशा शेडा गल्लोगल्ली आहेत. महावीरनं यंत्रमाग भंगारात घालून धंदा बंद केला होता आणि शेड तशीच पडून होती. एक मोडका सांगाडा कुणी नेला नाही म्हणून कोपऱ्यात राहिलेला. जमिनीवर तेलाचे काळे डाग, भिंतींना कापसाचं मऊ जाळं. पण छताला उत्तरेकडून काचा होत्या आणि त्या काचांतून जो उजेड खाली यायचा, तसा उजेड मला कुठल्याच मंगल कार्यालयात कधी मिळाला नव्हता.

मंगल कार्यालयांना मी कंटाळलो होतो. दहा-बारा वर्षं लग्नंच काढत होतो. खांदा कायमचा धरलेला, पाठीत कळ. अक्षता पडताना नवऱ्या मुलाचा मामा हमखास कॅमेऱ्यासमोर यायचा आणि फोटो बिघडला की शिव्या मला. पुण्यातल्या एका साडी कंपनीला कॅटलॉगसाठी फोटोग्राफर हवा होता. मी लग्नाचे अल्बम घेऊन गेलो, तर तिथल्या साहेबांनी दोन पानं उलटून अल्बम मिटला. म्हणाले, "हे नको. एकच बाई, साडीत, साध्या उजेडात. असे दहा-बारा फोटो करून आणा, मग बोलू."

म्हणून मी फेसबुकवरच्या ग्रुपमध्ये जाहिरात टाकली होती. मॉडेल पाहिजे, नवीन असली तरी चालेल. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. तिनं उभं राहायचं, मी फोटो काढायचे आणि ते दोघांनीही आपापल्या कामासाठी वापरायचे. मला वाटलं होतं, रांग लागेल. रांग लागलीही. मोटरसायकलवर बसून, गॉगल लावून काढलेले पोरांचे फोटो आले. एकानं बायकोचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, तिला सांगू नका. एकानं विचारलं, फोटोशिवाय आणखी काय काय असतं? माझं नाव शीतल. आमच्या जैनांत ते पुरुषाचं नाव असतं, पण लांबच्या मुलींना वाटायचं की मी बाई आहे. त्या मोकळेपणानं बोलायच्या, सगळं ठरायचं, आणि फोनवर माझा आवाज ऐकला की दुसऱ्या दिवशी कुणाला ताप यायचा, कुणाची परीक्षा निघायची. मला त्यांचा राग येत नव्हता. माझी बहीण असती तर मीही तिला पाठवलं नसतं.

त्या दिवशी दिवे उतरवून ठेवत होतो, तेवढ्यात मेसेज आला. नाव विजयमाला मगदूम, फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल.

"जाहिरात अजून आहे का?"

"आहे," मी लिहिलं.

"साडीतच ना?"

"साडीतच."

"चेहरा नीट येणार ना? पाठमोरे, सावलीतले असले नकोत."

मला हसू आलं. इतकं बारीक कुणी विचारलं नव्हतं. "नीट येणार."

"फोटो आम्हाला मिळणार ना?"

"सगळे मिळणार."

मग बराच वेळ काही नाही. मग आलं, "तुम्ही खोत म्हणजे नांदणीचे खोत काय?"

"हो."

"बरं. उद्या दुपारी येतो."

आमच्या भागात बायकाही येतो, जातो असंच म्हणतात, त्यामुळे त्यात मला काही वावगं वाटलं नाही. येईल यावर विश्वास मात्र बसला नाही.

दुसऱ्या दिवशी शेडच्या दाराशी रिक्षा थांबली आणि दोन बायका उतरल्या. पुढची साठीकडे झुकलेली, काठापदराची साडी, केस तेल लावून चापून बसवलेले. मागची तिशीच्या आतली, पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स, हातात साडीची पिशवी. मी पुढे होऊन तरुण बाईला म्हणालो, "विजयमाला ना? या."

"विजयमाला मी," म्हातारी म्हणाली. "ही स्वरूपा. माझी सून."

म्हणजे काल तासभर मी सासूशी बोलत होतो. मी काही बोलायच्या आत बाईंनी शेडवर नजर फिरवली. "नांदणीचे, म्हणजे आपल्यातले म्हटल्यावर आलो. एरवी असल्या ठिकाणी कोण येतंय?" मग खुर्ची ओढून पडद्यासमोर बरोबर अशा जागी बसल्या की त्यांना मीही दिसावा आणि सूनही.

स्वरूपा दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती, अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. आतल्या खोलीत जाऊन साडी नेसून आली. निऱ्या सुरेख बसवल्या होत्या. उंच होती, मान लांब, रंग सावळा. पडद्यासमोर ती उभी राहिली आणि माझं मन एकदम हलकं झालं. हेच पाहिजे होतं मला.

पण कॅमेऱ्यातून बघायला लागलो आणि लक्षात आलं, ही इथं नाहीच. सांगितलं की मान वळवायची, सांगितलं की हात ठेवायची. डोळे मात्र भिंतीवर, छतावर, कुठंतरी.

"हसायला सांगा की तिला," विजयमालाबाई मागून म्हणाल्या.

"मावशी, हसणं सांगून येत नाही."

"आमच्या घरात पहिल्यांदा आली तेव्हा फार हसायची."

स्वरूपा म्हणाली, "आत्ती, नको ना." आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. आवाजात चीड नव्हती, नुसता थकवा होता.

मी माझी पेटी उघडली. कॅटलॉगच्या फोटोत दागिने लागतात म्हणून बाजारातनं थोडे खोटे आणून ठेवले होते. बांगड्या दिल्या, तिनं घातल्या. मग मी काळ्या मण्यांचं मंगळसूत्र काढून पुढे केलं. "हे घाला. गळा मोकळा दिसतोय."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. घेतलंही नाही आणि नको असंही म्हणाली नाही.

"ते नको," विजयमालाबाई उठून जवळ आल्या होत्या. "गळा मोकळाच असू दे."

"कंपनीला तसंच लागतं, मावशी."

"असू दे. नको."

मी ते पेटीत टाकलं. हल्लीच्या मुली घालत नाहीत, तसं काही असेल म्हणून सोडून दिलं. आणखी काही फोटो काढले. एकातही जीव नव्हता. शेवटी म्हणालो, "थोडं थांबू या. पाणी प्या."

स्वरूपा मागच्या नळाकडे गेली. ती आड होताच विजयमालाबाईंनी मला दाराशी बोलावलं आणि आवाज खाली घेतला.

"एक फोटो वेगळा काढा. उभा, पुरा. दोन्ही खांद्यांवरनं पदर घेऊन. स्थळाला पाठवतात तसला."

"कुणाच्या स्थळाला?"

"कुणाच्या म्हणजे? तिच्याच."

मला काही उलगडेना. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "माझा मुलगा गेला, शीतल. सम्मेद. कावीळ झाली. साधी वाटली, आणि गेला. तिसरं वर्ष चालू आहे. हिचं वय काय आहे सांगा? स्टुडिओत चल म्हटलं तर 'कशाला' म्हणून विचारील. तुमची जाहिरात बघितलो, म्हटलं हे बरं आहे. साडीच्या दुकानाचं काम आहे सांगून आणलोय."

"त्यांना माहीत नाही?"

"नाही. तुम्हीही बोलू नका."

मी मान हलवली. दुसरं काय करणार? पेटीतल्या त्या मंगळसूत्राची मला आता लाज वाटत होती.

मागे वळलो तर स्वरूपा मोडक्या मागाशेजारी उभी होती. तिनं तोंड धुतलं होतं. मी लावायला दिलेली पावडर, लिपस्टिक सगळं पुसून टाकलं होतं. कपाळावरचे केस ओले होते.

"स्थळासाठी फोटो पाहिजे म्हणाल्या ना?" तिनं मला विचारलं.

मी सासूकडे बघितलं. सासू जमिनीकडे बघत होती.

"कुणी सांगितलं तुला?" विजयमालाबाई म्हणाल्या.

"सांगायला कशाला पाहिजे, आत्ती? ते गेल्यापासून तुम्ही दर्शनाला बसदीत जाणं सोडून कुठं पाऊल टाकलं नाही. भाचीच्या लग्नालासुद्धा गेला नाही. आज ठेवणीतली साडी नेसून रिक्षात बसला. साड्यांच्या जाहिरातीसाठी?"

"मग कळलं होतं तर आलीस कशाला?"

"तुम्ही घराबाहेर पडत होता म्हणून आले."

माझी तिथं काही गरज नव्हती, पण जायला जागाही नव्हती. दारात दोघी, मागे भिंत. मी दिव्याची वायर गुंडाळायला लागलो.

"मला घालवायचं ठरवलंय तुम्ही," स्वरूपा म्हणाली.

"घालवायचं असतं तर तेव्हाच माहेरी धाडलो असतो. तुझी आई न्यायला आली होती. मीच नको म्हटलो. म्हटलं, घरात हिचा तरी आवाज पाहिजे." बाई थांबल्या. "माझ्यासाठी ठेवून घेतलो तुला. आता तू रोज दमून येतीस, माझं करतीस, आणि झोपत नाहीस. कड बदललीस की ऐकू येतंय मला. मला झोप नाही ते म्हातारपण. तुला का नसावी?"

"आणि तुम्ही एकट्या राहणार?"

"राहीन की."

"गोळ्या सकाळच्या कुठल्या, संध्याकाळच्या कुठल्या, आठवतं तुम्हाला?"

"विसरीन. विसरलं म्हणून काय मोठं होतंय?"

"आत्ती!"

हा एकच शब्द ती मोठ्यानं बोलली. रिकाम्या शेडमध्ये तो घुमला. बाहेर रस्त्यावरून सुताच्या बाचक्यांनी भरलेला टेम्पो गेला, त्याचा आवाज येऊन विरून गेला. पलीकडच्या गल्लीत कुणाचे तरी माग चालू होते.

स्वरूपा त्या लोखंडी सांगाड्याच्या कडेवर बसली. साडीला तेल लागेल असं माझ्या मनात आलं, पण बोललो नाही. काचांतला उजेड वरून तिच्या ओल्या चेहऱ्यावर पडला होता. पहिल्यांदा तिनं सरळ माझ्याकडे बघितलं.

"काढा काय काढायचे ते. हसणार मात्र नाही मी."

मी काढले. काही सांगावं लागलं नाही. ती फक्त बघत होती. दुःखी वगैरे नव्हे. दिवसभर उभं राहून काम करून घरी आलेलं माणूस चप्पल काढायच्या आधी क्षणभर दारात टेकतं, तशी.

साड्या आवरताना विजयमालाबाईंच्या डोक्यात नवीनच आलं. "हे फोटो तुम्ही कंपनीला देणार?"

"तसंच ठरलंय ना, मावशी."

"आणि मग दुकानादुकानात हिचे फोटो लागणार? उद्या स्थळाकडचे म्हणतील, मुलगी मॉडेल आहे. नको. देऊ नका."

मी खरंच दमलो होतो. महिनाभर माणसं शोधून, समजावून, वाट बघून दमलो होतो आणि हातात आलेले हे एवढेच फोटो होते. "मावशी," मी म्हणालो, "तुम्ही नको म्हणत असाल तर नाही देत. पण माझ्याकडे दुसरं काही नाही."

"देऊ द्या त्यांना," स्वरूपा साडीची घडी घालत म्हणाली. "माझा चेहरा आहे, मी सांगते. ज्याला हे चालणार नाही, तो आपल्या घरी यायलाच नको."

विजयमालाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे ज्याला चालेल तो आला तर?"

घडी नीट बसली नव्हती, स्वरूपा ती पुन्हा उलगडून घालायला लागली.

फोटो मी पुण्याला पाठवले. आठवड्यानं साहेबांचा फोन आला. काम छान आहे, उजेड छान आहे, पण मॉडेल दमलेली वाटते. साडी नेसून बाई खूश दिसली पाहिजे. दुसरी मिळाली तर बघू. दुसरी शोधायचं त्राण माझ्यात नव्हतं. तुळशीची लग्नं झाली, सीझन लागला आणि मी पुन्हा मामा लोकांच्या पाठीमागून अक्षता टिपायला लागलो. कबूल केल्याप्रमाणे सगळे फोटो मगदूमांना दिले, त्यातला स्वरूपाचा मोडक्या मागावर बसलेला एक माझ्या पेजवर टाकला.

मग एके दिवशी विजयमालाबाईंचा फोन. "शीतल, हे ब्लॉक कसं करायचं?"

"कुणाला?"

"किती तरी आहेत."

तेव्हा मी त्यांचं पान उघडून बघितलं. जास्वंदीच्या फुलाखाली तोच फोटो होता आणि वर लिहिलं होतं: 'ही माझी सून स्वरूपा. माझा मुलगा वारला. हिच्यासाठी मी स्थळ बघत आहे. फसवू नये.'

"त्यांना विचारून टाकलंत ना?"

"विचारलो. 'टाका' म्हणाली. भाजी निवडत होती, मान वर केली नाही. पण 'टाका' म्हणाली."

ब्लॉक कसं करायचं ते मी सांगितलं. नंतर अधूनमधून फोन येत राहिले. एकजण सासूलाच घाणेरडं बोलला होता. एकानं विचारलं होतं, वारलेल्या नवऱ्याच्या नावावर शेत किती. एकाचा फोटो त्याच्या धाकट्या भावाचा निघाला. बाई सगळं वाचून दाखवायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "तुझ्या जाहिरातीला आलेली माणसं आणि माझ्या जाहिरातीला आलेली, एकाच गावची दिसतात रे." कधी अहो-जाहो सोडून त्या मला अरे-तुरे करायला लागल्या ते कळलंच नाही.

उन्हाळ्यात कधीतरी त्यांचा आवाज वेगळा लागला.

"जयसिंगपूरचा एक आहे. चौगुले. अभिनंदन नाव. पंप दुरुस्तीचं दुकान आहे. बायको सोडून गेली, घटस्फोटाचे कागद झालेत. त्यानं लिहिलंय, ऐक. 'फोटो बघितला. त्या फार दमलेल्या दिसतात. तब्येत बरी आहे ना त्यांची?'"

बाईंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"बाकी सगळ्यांनी शिकली किती, मूल आहे का, असलं विचारलं. ह्यानं हे विचारलंय."

"मग?"

"मग काय, रविवारी बोलावलोय."

लग्न त्या हिवाळ्यात जयसिंगपूरला झालं, एका छोट्या हॉलमध्ये, मोजक्या माणसांत. फोटो मीच काढले. अभिनंदन बोटांतलं ऑइल घासून घासून काढून आलेला, बुजरा माणूस. स्वरूपाचे आई-वडील होते, पण मुलीचा हात हातात द्यायची वेळ आली तेव्हा तिच्या आईनं मागे सरून विजयमालाबाईंना पुढे केलं. त्या गेल्या, जे करायचं ते केलं, परत येऊन बसल्या. निघताना सगळे रडले. त्या रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तू इचलकरंजीलाच चाललायस ना? मला सोड."

गाडीत मागच्या सीटवर दिव्यांच्या पेट्या होत्या, म्हणून त्या पुढे बसल्या. वाटेत डोळे मिटून होत्या. झोपल्या असं मला वाटलं, पण मिठाईचा पुडा मांडीवर घट्ट धरलेला होता. घरासमोर गाडी थांबवली तेव्हा ऊन उतरलं होतं. त्या उतरून दाराशी गेल्या आणि पिशवी चाचपायला लागल्या. रुमाल काढला, चष्म्याचं घर काढलं, गोळ्यांची डबी काढली.

"काय झालं?"

"किल्ली." त्या दाराकडे बघत म्हणाल्या. "सकाळी कुलूप तिनंच लावलं. रोज तीच लावती. तिच्या पर्समध्ये गेली."

"दुसरी?"

"दुसरी सम्मेदजवळ असायची."

मी फोन लावला. अभिनंदननं उचलला. मी सांगितलं, सावकाश या, मी थांबलोय. बाई पायरीवर बसल्या. "नव्या नवरीला पहिल्याच दिवशी माघारी फिरवलं. काय म्हणतील त्याच्या घरचे?" एवढंच म्हणाल्या.

अर्ध्या-पाऊण तासात फुलं लावलेली गाडी गल्लीत आली. शेजारच्या बायका दारात आल्या. स्वरूपा शालू सावरत उतरली, कुणाशी काही न बोलता पर्समधून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. आत गेली, दिवा लावला. क्षणभरानं आतून गॅस पेटल्याचा आवाज आला.

"आत्ती, साखर तळाला गेलीय हं," स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. "उद्या येताना घेऊन येते."

आणि तिथंच थांबली. आम्ही सगळेच थांबलो. अभिनंदन दारात बूट काढत होता, एक पाय हवेत तसाच राहिला.

मग तो हळूच म्हणाला, "मला उद्या इकडं सुटे भाग न्यायला यायचंच आहे. घेऊन येऊ दोघं."

स्वरूपा चहाचे कप घेऊन बाहेर आली. डोळे भरलेले होते. एक कप सासूसमोर ठेवला, नवऱ्याला दिला, मला दिला. मग पर्समधून किल्ली काढून सासूपुढे धरली.

विजयमालाबाईंनी तिच्याकडे बघितलं. सकाळपासून कोरडे राहिलेले डोळे त्यांनी पदरानं टिपले आणि तिची बोटं किल्लीवर मिटवली.

"तुझ्याकडंच असू दे ती," त्या म्हणाल्या. "मी दुसरी करून घेतो."